गोल अक्षराचं पोट

पडद्यावर 'बाळ' हा एकच शब्द दोनदा दिसतोय. डावीकडचा साध्या जाड फॉन्टमधला आहे, फक्त कडा घासून गुळगुळीत केलेला. उजवीकडचा पहिल्या रेघेपासून गोल म्हणूनच काढलेला. दोन्हींचे कोपरे सारखेच मऊ आहेत, तरी डावीकडचा शब्द अवघडलेला वाटतो. का? 'ब'च्या पोटात बघा. बाहेरून गोलाई आली, पण आतली पांढरी जागा तशीच टोकदार राहिली. गोल अक्षर आतून घडवावं लागतं. ही पोकळी मला अक्षरातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटते.

गोल अक्षरांचा हा प्रकार नवा नाही. अमेरिकन अक्षररेखाटनकार ऑस्वल्ड कूपर यांचा 'कूपर ब्लॅक' हा फॉन्ट 1922चा. जाडजूड, कडा वितळल्यासारख्या. 1979मध्ये फोक्सवॅगनसाठी 'व्हीएजी राउंडेड' तयार झाला आणि पुढे बरीच वर्षं तो ॲपलच्या कीबोर्डवर होता. मोटारी आणि कीबोर्ड, म्हणजे गोल अक्षरं लहान मुलांपुरतीच नसतात. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांमध्ये 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेनं केलेला 'बालू' हा गोल फॉन्ट तुम्ही वापरला असेलच.

देवनागरीत मात्र काही पेच आपले स्वतःचे आहेत. पहिला शिरोरेखेचा. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, म्हणून प्रत्येक टोक खुशाल गोल करता येतं. आपली अक्षरं डोक्यावरच्या रेघेनं एकमेकांना धरून असतात. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेखेची टोकं गोल केली आणि ती नुसती शेजारी टेकवली, तर दर सांध्यावर खाच पडते. म्हणून सांध्याशी रेघ सपाट हवी आणि गोलाई शब्दाच्या दोन्ही टोकांना. दिसायला बारीक गोष्ट, पण तिच्यावर फार मेहनत जाते.

दुसरा पेच जाडीचा, आणि इथे मी जरा थांबणार आहे. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. 'ष' आणि 'प' यांचंही तेच. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात शिरोरेखेतली फट महत्त्वाची. अक्षर जाड आणि गुबगुबीत होत गेलं की पहिला बळी याच रेघांचा आणि फटींचा जातो. चांगला रेखाटनकार आतली रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा बारीक करतो, फट गरजेपेक्षा थोडी मोठी ठेवतो. डोळ्याला जाडी सारखीच वाटते. मोजलीत तर नसते.

म्हणूनच गोल जाड अक्षर शीर्षकाला द्या, खेळाच्या नावाला द्या, खाऊच्या वेष्टनाला, ॲपमधल्या बटणाला द्या. दोन-चार शब्द, मोठ्या मापात. परिच्छेद त्यात लावू नका. औषधाची मात्रा तर मुळीच नको. आणि बालवाचकांची पुस्तकं करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुखपृष्ठावर हे अक्षर जरूर खेळवा, पण आतल्या पानावर नको. जे मूल 'ब' आणि 'व' आत्ता कुठे वेगळे ओळखायला लागलंय, त्याच्यापुढे दोन सारखे गोळे ठेवू नका.

फॉन्ट निवडताना नमुन्याच्या सुंदर पानावर भुलू नका. 'ब-व', 'ष-प', 'ध-घ', 'भ-म' या चार जोड्या टाइप करा, तुमच्या कामात अक्षर जिथे सर्वांत लहान दिसणार आहे त्या मापात छापा, आणि कागद हातभर लांब धरून वाचा.