उंदराच्या अंगावरची वस्ती

(पहाट. डोंगरातलं दाट धुकं. झाडाच्या बुंध्याशी ॲल्युमिनियमचा पिंजरा.)

रात्री लावलेल्या पिंजऱ्यात रानउंदीर आलाय. थंडीने तो गारठू नये म्हणून आत कापूस ठेवला होता, त्यातच गुरफटून बसलाय. त्याला अलगद कापडी पिशवीत घ्यायचं आणि पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक कंगव्याने त्याची लव विंचरायची.

टुणकन काहीतरी उडालं. पिसू! दोन्ही बाजूंनी चपटी, म्हणून दाट केसांतून सहज सरकते. अंगावरचे राठ केस मागे वळलेले, त्यामुळे उंदराने कितीही खाजवलं तरी ती निसटत नाही. केसांना चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे लिखा. ऊ जन्मते, वाढते, मरते ती इथेच.

आता कानाच्या आत बघा. नारिंगी कणांचा पुंजका दिसतोय? या चिगर, म्हणजे माइटच्या (कोळ्यांच्या नात्यातल्या अगदी बारीक जिवाच्या) अळ्या. त्या रक्त पीत नाहीत. लाळेने कातडी विरघळवून तो रस शोषतात. पोट भरलं की गळून पडतात आणि पुढचं आयुष्य मातीत काढतात, कुणाच्याही अंगावर न चढता. यांच्याच काही जातींच्या चाव्यातून माणसाला स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो, म्हणून हातमोजे घालायचेच.

पिसूचीही अंडी, अळ्या, कोष सारं उंदराच्या बिळात असतं. त्यामुळे उंदीर विंचरला तरी बिळातलं बिऱ्हाड नजरेआडच राहतं, आणि तिथेच मोठी फसगत झाली होती. कोस्टारिकाच्या डोंगररानांत उंदरांच्या कानांमागे छोटे भुंगेरे घट्ट चिकटलेले सापडत. वर्षानुवर्षं त्यांना परजीवीच मानलं गेलं. १९८०च्या दशकात संशोधकांनी जिवंत उंदरांसोबत त्यांच्यावर नजर ठेवली, तेव्हा वेगळंच दिसलं. दिवसा उंदीर घरट्यात झोपला की भुंगेरे खाली उतरत आणि पिसवा खात. रात्री पुन्हा उंदरावर स्वार. ज्यांना शोषक म्हटलं, ते राखणदार निघाले! मला तर ही गोष्ट कितीही वेळा सांगाविशी वाटते.

(जवळून: काचेच्या कुप्या.)

विंचरून निघालेलं सगळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये जातं. एका उंदराला एक कुपी. सरमिसळ झाली तर कोण कुणाच्या अंगावरचं, हे कळायचं नाही. चिठ्ठीवर जागा, उंची, तारीख.

आणि उंदीर? जिथे सापडला, त्याच बुंध्याशी पिशवीचं तोंड उघडायचं. तो क्षणभर थबकतो, मिशा हलवतो आणि पाचोळ्यात शिरतो.