मामाची ॲक्टिव्हा आणि भाच्याचं लायसन्स: नाशिकला निघण्याआधी

(कॅलिफोर्नियातील मंडळाच्या मेळाव्यात, डिसेंबरच्या सुट्टीत नाशिकला जाणाऱ्या कुटुंबांसाठी झालेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

इथल्या बऱ्याच जणांची तिकिटं निघालेली आहेत, त्यामुळे थेट विषयावर येतो. सोळा ते वीस वयाच्या मुलाचं लायसन्स दारूपायी जातं ते कोर्टाच्या निकालाच्या बरंच आधी. आणि नाशकात त्याची किंमत मुलाच्या आधी मामा-मावशी मोजतात.

आधी इथलं. कॅलिफोर्नियात एकवीस पूर्ण नसलेल्या चालकाच्या रक्तात ०.०१ टक्का अल्कोहोल निघालं की लायसन्स एक वर्षासाठी बंद. ती ०.०८ ची मर्यादा मोठ्या माणसांसाठी. श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला नकार दिला तरीही एक वर्ष. पोलीस तिथल्या तिथे लायसन्स काढून घेतो आणि हातात तात्पुरता कागद देतो, तो ३० दिवस चालतो. पण त्याच कागदावर दुसरी मुदत असते, ती बहुतेक घरांत हुकते: डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, सुनावणी मागायला फक्त १० दिवस. शनिवार-रविवार त्यातच धरलेले. कोर्टाची तारीख महिनाभराने आहे म्हणून घरचे निवांत बसतात आणि अकराव्या दिवशी डीएमव्हीचा दरवाजा बंद झालेला असतो. कोर्ट वेगळं, डीएमव्ही वेगळी. कोर्टात केस मागे घेतली गेली म्हणजे लायसन्स आपोआप परत मिळालं असं होत नाही.

गाडी चालवलीच पाहिजे असंही नाही. एकविसाखालचा मुलगा पिऊन सायकल चालवताना दोषी ठरला तरी लायसन्स वर्षभर जातं, आणि लायसन्स नसेलच तर ते मिळणं वर्षभर लांबतं. गाडी आपल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या नावावर असेल, स्टिअरिंगवर तोच असेल आणि आत मित्राची फोडलेली बाटली असेल, तर त्याने थेंबही घेतलेला नसला तरी गाडी ३० दिवसांपर्यंत अडकू शकते.

आता आकड्यांची गफलत. इथे टक्क्यांत बोलतात, भारतात मिलिग्रॅममध्ये. भारताची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३. इथल्या मोठ्यांच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ‘मी इथे दोन बिअर घेऊन चालवतो, काही होत नाही’ असं म्हणणारे बाबा नाशकात मुलाआधी सापडतील. शरीर तासाला साधारण ०.०१५ उतरवतं, ताक, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी त्यात फरक पडत नाही. संगीताच्या रात्री एक वाजता आकडा ०.१२ असेल, तर सकाळी सातला तो ०.०३ वर येतो. म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला पहाटे पाचला गाडी काढणारा माणूस झोप काढूनही मर्यादेच्या दुप्पट असतो.

नाशकात खरा घोटाळा दारूच्या आधी सुरू होतो, किल्लीपासून. भाचा सतराचा, खिशात कॅलिफोर्नियाचं लायसन्स. मामा म्हणतात, “अरे, कॉलेज रोडला जाऊन ये, ॲक्टिव्हा घे.” भारतात गाडी चालवायचं वय १८. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला. ॲक्टिव्हा बिनगिअरची आहे खरी, पण ११० सीसीच्या वर्गातली. ‘गिअर नाही म्हणजे चालतं’ हा गैरसमज नाशिककरांचा स्वतःचाही आहे, फक्त आपल्याच मुलांचा नाही. परदेशात गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट तर इथे अठराच्या आधी मिळतच नाही.

मुलगी एकोणीसची आणि परमिट जवळ असेल, तरी त्या पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून बघा. ‘ए’ खाना दुचाकीचा, ‘बी’ चारचाकीचा. इथलं नेहमीचं क्लास सी, म्हणजे साध्या कारचं, लायसन्स असेल तर शिक्का ‘बी’वरच पडतो. ती मामाची कार चालवू शकते, मामाची स्कूटर नाही. परमिटची मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्स सोबत लागतंच.

आता मामांचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अठराखालच्या मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. ‘मला माहीत नव्हतं’ हे मालकानेच सिद्ध करायचं, आणि स्वतःच्या हाताने किल्ली दिलेल्या माणसाला ते जमत नाही. शिवाय त्या एमएच-१५ गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत भारतात लायसन्स नाही. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर (गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता) हे कलम घराघरात कळलं; तोवर ते पुस्तकातच होतं म्हणायला हरकत नाही.

पिण्याच्या वयाचं. महाराष्ट्रात बिअरला २१, व्हिस्की-रम-वोडकाला २५. वर दारू पिण्याचा परवानाही लागतो. नाशकात पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्यावरूनच. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा म्हणून त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत सहकुटुंब जाणार असाल तर पोरांचे पासपोर्ट जवळ ठेवा, आणि स्वतःचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवू नका. हळदीच्या रात्री गच्चीवर ‘घे रे, मोठा झालास’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. समोरचा अठराखालचा असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. काकांना हे हळदीच्या आधी, शुद्धीत असताना सांगा.

३१ डिसेंबरला नाकाबंदी असणार हे गृहीत धरा. श्वास तपासायच्या यंत्राची नळी नवी, पाकिटातून समोर फोडलेली असावी, तशी मागा. छापलेली चिठ्ठी निघते, तिच्यावरची तारीख, वेळ आणि आकडा वाचा. आकडा ३० च्या वर गेला तर कलम १८५: पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा झालं तर दोन वर्षांपर्यंत किंवा पंधरा हजार. दोषी ठरल्यावर कोर्टाला किमान सहा महिने लायसन्स बंद ठेवावंच लागतं. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. अटकेची वेळ लिहून ठेवा. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जातं. कोणी ‘इथेच मिटवू’ म्हणाला तर तो तुम्हाला दुसऱ्या गुन्ह्यात ओढतोय.

विम्याचं दोन वाक्यांत. चालक प्यालेला किंवा बिनलायसन्सचा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विसरा. जखमी झालेल्याला कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते, आणि मालक म्हणजे पुन्हा मामाच.

शेवटी व्हिसा. मुलगा अमेरिकी नागरिक असेल तर हा भाग तुमचा नाही. एफ-वन (विद्यार्थ्याचा) किंवा एच-फोर (एच-वनवाल्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर असेल तर डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न आहे. शिक्षा झाली का, एवढंच विचारत नाहीत. नाकाबंदीतली अटकही त्यात येते. इथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर गुन्हा सिद्ध होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि ते बऱ्याचदा भारतात स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला, गेल्यावर त्रास देतं. त्यामुळे इथली केस चालू असलेल्या मुलाचं नाशिकचं तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. उलट, नाशिकच्या कोर्टाची तारीख परतीच्या विमानानंतरची पडली असेल, तर वकीलपत्रावर सही करून, हजेरीमाफीच्या अर्जाचं वकिलाशी बोलून आणि आरोपपत्राची प्रत घेऊनच मुंबईची गाडी पकडा. नुसतं निघून आलात तर पुढच्या तारखेला वॉरंट निघू शकतं.