दवाखाना किती तासांवर आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्गम वस्तीतल्या आजाऱ्याला दवाखाना किती किलोमीटर लांब आहे, हे सांगून फारसा उपयोग नसतो. किती वेळ लागेल ते सांगा. बाळंतपणानंतर अंगावरून खूप रक्त जाऊ लागलं आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाळंतीण दोन तासांत दगावू शकते.

हे दोन तास जातात कुठे? 1994 साली थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी उशिराचे तीन टप्पे मांडले: न्यायचं ठरवण्यात, वाटेत, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. आपण बोलतो ते बहुधा रस्त्याबद्दल, म्हणजे मधल्या टप्प्याबद्दल. पण घरात पैसे कोणाच्या हातात आहेत, गुरांकडे कोण बघणार, मागच्या खेपेला दवाखान्यात कोण खेकसलं होतं, यावरही जीव टांगलेला असतो. आणि एवढं करून पोचावं, तर रक्त नाही म्हणून पुढे पाठवतात!

रेडिओवर बोलतोय म्हणून एक गोष्ट सांगतोच. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात 1928 साली विमानाने डॉक्टर पाठवायची सेवा सुरू झाली. पण विमान बोलवायचं कसं? पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायंडल मारून चालणारा रेडिओ आला. पुढे घरोघरी औषधांच्या पेट्या दिल्या, प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवर नंबर सांगायचे, घरचं माणूस तेवढी गोळी काढून द्यायचं. अवघड नावं वाचायची गरजच नाही. मला त्या विमानापेक्षा ही पेटी जास्त हुशारीची वाटते.

कारण रोजचं दुखणं विमानाने जाण्याइतकं मोठं नसतं. रक्तदाबाची गोळी संपते, आणायला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. मग माणूस म्हणतो, बघू पुढच्या आठवड्यात. त्रास काहीच जाणवत नाही, आणि एक दिवस पक्षाघात होतो.

डॉक्टर दुर्गम भागात टिकत नाहीत, ही तक्रार जुनीच. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर शिफारशी केल्या: ग्रामीण भागातलेच विद्यार्थी निवडा, शिक्षण तिथेच जवळपास द्या, राहायला बरं घर आणि मुलांना शाळा द्या. नुसत्या सक्तीच्या बदलीने आलेला डॉक्टर पहिल्या दिवसापासून परतीचे दिवस मोजतो. गावातलीच शिकलेली मुलगी परिचारिका झाली, तर रात्री दार कुणाचं ठोठवायचं, हे वस्तीला आधीच माहीत असतं.