शेवटी सगळी उष्णताच

(दृश्य : गॅसचा लायटर, अगदी जवळून)

खटका दाबा. टक्! ठिणगी उडाली. आत ना सेल, ना बाहेरून वायर. मग ही वीज आली कुठून?

तुमच्या अंगठ्यातून. अंगठ्याने आतली स्प्रिंग दाबली, तिच्यात स्थितिज ऊर्जा साठली. एका क्षणी स्प्रिंग सुटते आणि इवलीशी हातोडी एका स्फटिकावर आदळते. काही स्फटिकांवर दाब पडला की विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिलं. इथे त्या एका ठोक्यात काही हजार व्होल्ट निर्माण होतात. ठिणगीतली ऊर्जा तशी नगण्यच. पण गॅसमधल्या रासायनिक ऊर्जेला वाट करून द्यायला ती पुरते.

(दृश्य : किटलीच्या तळाशी जमणारे बुडबुडे)

आता हिशेब बघा. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३ लाख १४ हजार ज्यूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत १ टन वजन ३२ मीटर उंच उचलता येईल, म्हणजे जवळपास दहा मजले! आपण ती नुसतं पाणी तापवण्यात घालवतो.

काम आणि उष्णता यांचा हा हिशेब जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात मांडला. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. वजनं पुन्हा पुन्हा वर घेऊन सोडली, तरी फरक पडायचा एका अंशाहूनही कमी. चिकाटी म्हणतात ती हीच.

(दृश्य : जुना बल्ब, तापलेली तार)

टंगस्टनची ही तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते. घेतलेल्या विजेपैकी प्रकाश होतो जेमतेम पाच टक्क्यांचा. खरं तर हा थोडाफार उजेड देणारा हीटरच! मोबाइलही चार्ज होताना गरम लागतो, कारण विजेची रासायनिक ऊर्जा होताना थोडी उष्णता गळतेच.

आणि पंखा? पंखा खोली थंड करत नाही. वाऱ्याने घाम लवकर उडतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. ७५ वॉटचा पंखा बंद खोलीत दर सेकंदाला ७५ ज्यूल ओततो, कारण हवेची गतीही शेवटी भिंतींवर आणि आपसांत घासून उष्णताच होते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्याला काहीच अर्थ नाही.

(दृश्य : फ्रिजचं उघडं दार)

दार उघडं ठेवून खोली गार करायची युक्ती कधी ना कधी सुचतेच. पण फ्रिज आतून उपसलेली उष्णता मागच्या बाजूने त्याच खोलीत सोडतो, आणि कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेची उष्णता वर आणखी. दार उघडं असेपर्यंत कॉम्प्रेसरला उसंत नाही. तासाभराने बघा, खोली आधीपेक्षा गरमच झालेली असेल.