हे घड्याळ माझा पदर धरतंय

हे बघा, आईच्या या स्मार्टवॉचच्या काचेच्या डाव्या कडेला, वरच्या बाजूला, ती बारीक फट दिसतेय ना, नख जाईल एवढीच, तिथून हे सगळं सुरू झालं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एक दिवस आईच म्हणाली, अरे हे घड्याळ माझा पदर धरतंय. पदर सारखा करताना काठाचा दोरा त्या काचेत अडकायचा आणि ती तो हळूच सोडवून घ्यायची. आम्हाला वाटलं पट्ट्याचं बक्कल वर आलं असेल, म्हणून पट्टा बदलला, स्टेशन रोडवर, दोनशे रुपयांत. दोरा अडकायचा तो अडकतच राहिला.

२०२३ च्या दिवाळीत मी हे स्मार्टवॉच आईसाठी घेतलं होतं, साडेतीन हजाराला. तिची शुगर बॉर्डरवर होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो त्यामुळे उपवन तलाव जवळच. सकाळी सहाला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी तलावाच्या कडेने फेऱ्या मारायच्या. हातात घड्याळ आल्यावर तिला नादच लागला, सहा हजार स्टेप झाल्याशिवाय चहा नाही, घरी येऊन आधी मनगट पुढे करायची, बघ रे किती झाले. मला हे आठवतं म्हणून राग जास्त येतो. ती वस्तू तिच्या कामाची होती, उगाच घेतलेली नव्हती.

त्या वर्षी जो तो हेच घेत होता. आयडीसी ही बाजाराचे आकडे काढणारी संस्था, तिच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारतात ५ कोटींच्या वर स्मार्टवॉच बाजारात आली, आणि लगेच पुढच्या वर्षी तो आकडा साडेतीन कोटींच्या आसपास घसरला. जाणकार त्याची कारणं वेगवेगळी सांगतील, पण मला वाटतं त्यात आमच्यासारखे पण बरेच असणार, एकदा हात पोळला की माणूस दुसऱ्यांदा दुकानात जात नाही.

तर पाच दिवस टिकणारं चार्जिंग आधी तीन दिवसांवर आलं, मग दीड दिवसावर, आणि मग ती फट.

काच वर का येते ते नीट सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. आत जो सेल असतो तो लिथियम पॉलिमरचा, त्याला कडक डबी नसते, चंदेरी मऊ पिशवीच असते. मोबाईलमध्ये हल्ली ५००० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी असते, घड्याळात दोनशे-तीनशेची, म्हणजे जीव तेवढासाच. असा सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाला की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि उष्णता, रात्रभर चार्जरवर पडून राहणं, किंवा पूर्ण शून्यावर जाऊन महिनाभर तसंच राहणं, यातलं काहीही झालं तरी अजून लवकर. सेल खराब व्हायला लागला की आतल्या रसायनातून गॅस तयार होतो आणि पिशवी फुगते. मागचं झाकण पक्कं बंद, त्यामुळे तो जोर जातो वर, आणि वर काय आहे तर नुसत्या गमने चिकटवलेली काच. सेल थकणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं, घड्याळ बनवणाऱ्याला तर ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि तरी तो सेल अशा ठिकाणी ठेवतात जिथून तो कुणालाच काढता येऊ नये.

वॉरंटी एक वर्षाची, आणि आम्ही अकराव्या महिन्यात तक्रार केली. म्हणजे आत होतो. कंपनीच्या ॲपमध्ये चॅट आहे, आधी मशीन बोलतं, मग वीस मिनिटांनी एक नाव येतं. मी फटीचा फोटो पाठवला, जवळून, फूटपट्टी बाजूला ठेवून. उत्तर आलं की वॉच २४ तास चार्जिंगला लावून ठेवा आणि मग रिस्टार्ट करा. मी परत लिहिलं की अहो बॅटरी फुगलीय, काच उचललीय, तर परत तेच वाक्य, तसंच्या तसं, २४ तास चार्जिंगला लावून ठेवा. फुगलेला लिथियम सेल चार्ज करायचा नसतो, दाबायचा नसतो, टोचायचा नसतो, आत शॉर्ट झाला तर तो पेटू शकतो. आणि आमच्या घरात घड्याळ चार्ज व्हायची जागा म्हणजे आईच्या उशाजवळचा बोर्ड. मी तो चॅट तिला वाचून नाही दाखवला.

पण मी त्या चॅटवरच्या माणसावर चिडलेलो नाही, हेही सांगायला हवं. आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी ऐरोलीला सपोर्टमध्ये काम करते, दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीसाठी, तिला मी विचारलं की असं कसं करतात. ती म्हणाली, दादा, समोर स्क्रिप्ट असते, एका वेळी तीन-चार चॅट चालू असतात, एकेक चॅट किती मिनिटांत संपवला ते मोजतात, आणि हो म्हणायचा अधिकार आम्हाला नसतोच, नाही म्हणायचे मात्र दहा प्रकार दिलेले असतात. हे ऐकल्यावर मला तिचंच वाईट वाटलं.

मग मी वाशीला गेलो. वेबसाइटवर सर्व्हिस सेंटर म्हणून वाशीचा पत्ता होता. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली, खिडकीतून ऐरोली, रबाळे, घणसोली, काचेच्या बिल्डिंगा एकामागे एक, आणि खिशात टिश्यूमध्ये गुंडाळलेलं घड्याळ, ते दाबलं जाऊ नये म्हणून एक हात सारखा खिशावर. तिथे पोचलो तर एक छोटं काउंटर, मागे खोकी रचलेली. हत्यार एकही नाही. एक स्क्रूड्रायव्हरसुद्धा नाही. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, खरं बोलला. सर, आमच्याकडे बॅटरी येतच नाही, आमच्याकडे खोकं येतं, आम्ही ते पुढे पाठवतो, मग खोकं परत येतं. म्हटलं मग रिपेअर कुठे होतं? तो म्हणाला, सर, या मॉडेलमध्ये रिपेअर नाहीये, पास झालं तर दुसरा पीस मिळतो, नाही झालं तर हाच परत.

बावीस दिवसांनी हाच परत आला. सोबत चिठ्ठी, फिजिकल डॅमेज, डिस्प्ले उचललेला आहे, वॉरंटीत बसत नाही. म्हणजे त्यांच्याच सेलने त्यांचीच काच आतून ढकलली आणि ती मोडतोड आमच्या नावावर लागली. तोपर्यंत वर्ष पण संपलं होतं. खाली नवीन घड्याळावर ४० टक्के सूट असल्याचा कूपन कोड.

आई म्हणाली जाऊ दे रे, मी फेऱ्या मोजेन. मी नाही जाऊ दिलं.

हे घड्याळं दुरुस्त करणारे काका. नाव नको म्हणाले, हात दाखवा म्हणाले, म्हणून तुम्हाला हातच दिसतील. जांभळी नाक्याच्या बाजूला जिन्याखाली यांचं दुकान, दुकान म्हणजे एक माणूस बसेल एवढी जागा, काचेची पेटी आणि दिवा. चाळीस वर्षं इथेच. मी बसलो होतो त्या अर्ध्या तासात त्यांनी चार सेल बदलले. बघा कसं, झाकण उघडलं, चिमट्याने जुना ६२६ नंबरचा बटण सेल बाहेर, नवीन आत, सेकंद काटा हलला, झाकण दाबलं. तीन मिनिटं पण नाही. त्यांच्या पेटीत एचएमटीची पण घड्याळं होती, उघडून ठेवलेली. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनसोबत बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. तरी काका अजून ती दुरुस्त करतात, बंद पडलेल्या दोन घड्याळांचं सामान काढून तिसरं चालू करतात. ती कंपनी राहिली नाही तरी तिची घड्याळं हातात आहेत, आणि आईच्या घड्याळाची कंपनी रोज नवीन मॉडेल काढतेय.

मी काकांना तेच विचारलं जे कंपन्या नेहमी सांगतात, की बॅटरी उघडता येईल असं केलं तर पाणी जातं. ते काही बोलले नाहीत, खणातून एक कॅसिओ जी-शॉक काढलं आणि माझ्यासमोर उलटं ठेवलं. मागे चार स्क्रू. ते काढले, पत्र्याचं झाकण बाजूला, आणि खाचेत बसवलेली एक काळी रबराची रिंग, शेवयीएवढी जाड. सेल बदलताना ही रिंग पुसायची, सिलिकॉनचं ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन नुसता हात फिरवायचा, डोक्याचा एखादा केस अडकलाय का बघायचं, आणि चारही स्क्रू तिरके-तिरके, समोरासमोरचे आवळायचे. झाकणावर लिहिलंय बघा, २०० मीटर वॉटर रेझिस्टंट. आता हे मान्य की स्मार्टवॉचमध्ये रंगीत स्क्रीन, सेन्सर, मोटर, सगळं दाटीवाटीने भरलेलं असतं, सेल पण चार्ज होणारा लागतो, घड्याळ कदाचित दोन मिलीमीटर जाड होईल. होऊ दे की. माझ्या आईला दोन मिलीमीटर चाललं असतं. आणि महागड्या ब्रँडची घड्याळं घेतली तर पैसे भरून बॅटरी बदलून मिळतेही, म्हणजे जमत नाही असं नाही, तीन-चार हजाराच्या गिऱ्हाइकासाठी करायचं नाही एवढंच.

काकांकडे गरम करायचं साधन नव्हतं, म्हणून त्यांनी समोरच्या मोबाईल रिपेअरवाल्या मुलाला हाक मारली. हे तुम्ही घरी करू नका, फुगलेल्या सेलला जास्त उष्णता लागली तर पेटू शकतो, त्यानेही वाळूची बादली पायाशी ठेवूनच सुरुवात केली. काच अर्धी उचललेलीच होती, कडेला थोडी ऊब दिली, प्लॅस्टिकचं पातळ कार्ड फिरवलं आणि काच उघडली. आणि हा बघा सेल. पुरीसारखा. डबल टेपने खाली चिकटवलेला, लाल आणि काळी वायर थेट बोर्डला सोल्डर केलेली. साधा कनेक्टर लावला असता तर निदान डाग तरी द्यावा लागला नसता. सेलवर ४०२०२५ छापलंय, तो मुलगा म्हणाला हा काही सिक्रेट नंबर नाही दादा, हे माप आहे, ४ मिलीमीटर जाड, २० रुंद, २५ लांब. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे जी बॅटरी येतच नाही असं वाशीला सांगितलं, तिचं माप तिच्याच अंगावर लिहिलेलं होतं. चार दिवसांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच मापाचा सेल आला, १८० रुपये. बसवायचे दीडशे. काच बी-७००० गमने चिकटवून रबर बँड लावून रात्रभर ठेवली. सकाळी घड्याळ लागलं. पाण्याची गॅरंटी मात्र गेली, काका म्हणाले आता याला पावसापासून आणि नळापासून लांब ठेवा.

मग मी जरा कायदा वाचला. युरोपात नियम झालाय, १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यायला हव्यात, पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना सूट आहे पण तिथेही बाहेरच्या कारागिराला तरी ती बदलता आलीच पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, आणि मे २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल आला, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी त्याचे मार्क. पण सुरुवातीला स्मार्टफोन आणि टॅबलेटच. मनगटापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. हातात आत्ता काय आहे तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. मी भरलीय. बिल, फटीचा फोटो, २४ तास चार्जिंगवाला चॅट आणि ती फिजिकल डॅमेजची चिठ्ठी, चारही जोडलंय. पैसे साडेतीन हजारच मागितलेत, पण त्या चॅटबद्दल वेगळा परिच्छेद लिहिलाय, ते वाक्य अजून कुणाच्या तरी घरी जात असणार.

आई परत उपवनला जाते. भांडी घासायच्या आधी घड्याळ काढून फ्रिजवर ठेवते, कधी विसरते मग ओरडते, अरे बघ रे भिजलं का. पावसाळ्यात छत्री असली तरी ती ते पर्समध्ये टाकते, त्यामुळे त्या दिवशीच्या स्टेप मोजल्या जात नाहीत.

जुना सेल अजून आमच्याकडेच आहे. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची, म्हणून मी परत वाशीला फोन केला. तिथे म्हणाले नुसती बॅटरी घेत नाही, पूर्ण वॉच जमा करा. तर हा डबा बघा, स्टीलचा, आत वाळू, वाळूत तो सेल, बाल्कनीत सावलीला, तुळशीच्या कुंडीपासून लांब. झाकणावर आईने खडूने लिहिलंय, हात लावू नये.