मागच्या दारातून गाडी बघा

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. माझी बहुतेक नोकरी पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या सीटांचं काम करण्यात गेली. इंजिनवाल्यांना मान मिळतो, डिझाइनवाल्यांचे फोटो छापून येतात. सीटवाल्यांना कुणी विचारत नाही. त्यामुळे शोरूममध्ये गेलो की आमचं लक्ष गाडीपेक्षा गिऱ्हाइकाकडे जास्त. दृश्य ठरलेलं असतं. साहेब स्टीअरिंगवर. मुलगा शेजारी बसून स्क्रीनला बोटं लावतोय. वहिनी रंगांचं कार्ड चाळताहेत. आणि ज्या आजींच्या गुडघ्यांमुळे जुनी गाडी बदलायचं ठरलं, त्या घरी. 'तिला कशाला उगाच दगदग?' असं म्हणून त्यांना आणलेलंच नसतं.

पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात गाडी घेणाऱ्याचं घर विचित्र आकाराचं असतं. आईवडील पंच्याहत्तरीच्या पुढे, मुलं बापापेक्षा उंच झालेली, आणि मधल्या दोघांपैकी एकाची तरी कंबर धरलेली. त्यात आपल्याकडे गाडी सहज आठ-दहा वर्षं चालते. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घेतलेली गाडी अठ्ठावन्नाव्या वर्षीही तुम्हीच चालवणार आहात. आजच्या अंगाला बसते का, एवढंच बघून कसं चालेल? म्हणून मी सगळ्यांना सांगतो, गाडी मागच्या दारातून बघायला सुरुवात करा.

दार उघडा आणि आईंना बसायला सांगा. मदत करू नका, नुसतं बघा. सीट फार खाली असेल तर त्या पाठमोऱ्या होऊन स्वतःला सोडून देतात आणि धप्पकन बसतात. उतरताना तर सगळा भार गुडघ्यांवर. सेडानचं हे जुनं दुखणं. म्हणून लोक उलट टोकाला जातात, एसयूव्ही घेतात आणि म्हणतात, 'आता गुडघ्यांची चिंता मिटली.' मिटत नाही हो! पाच फूट उंचीच्या, नऊवारी किंवा साधी पाचवारी नेसलेल्या बाईला त्या सीटवर चढावं लागतं. एक पाय आत, एक हात वरच्या हँडलला, पदर दारात. चढण्यात गुडघा कमी दुखतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?

सीट माणसाच्या मांडीच्या मध्याच्या आसपास असावी, म्हणजे वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही, नुसतं सरकून बसता येतं. १९९८ साली सँट्रो आली, मागोमाग वॅगन आर आली, तेव्हा लोक त्यांना डबा म्हणून हसले होते. पण त्या डब्यांची सीटची उंची आपल्या आयांना अगदी सोयीची होती, आणि वॅगन आर आजही घरोघरी दिसते त्याचं मोठं कारण मी हेच मानतो. दाराचा उंबरा किती रुंद आहे तेही बघा. उंबरा रुंद असला की पाय लांबवर टाकावा लागतो आणि साडीला चिखल लागतो. दार किती उघडतं हे शोरूमच्या ऐसपैस जागेत कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीपासून हातभर अंतरावर कळतं.

आता सगळे बसले. तुमची सीट तुमच्या मापाने लावा आणि मग मागे जाऊन स्वतः बसा. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, हे सगळेच बघतात. मांडीखाली गादी कुठपर्यंत येते, हे फार थोडे बघतात. गादी आखूड असली की मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो, सगळा भार बैठकीवर येतो आणि पुणे-कोल्हापूर अंतरात सातारा यायच्या आत म्हातारी माणसं चुळबुळ करायला लागतात. पेट्रोलच्या गाडीवरूनच बेतलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत हा त्रास आणखी वाढतो. बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे फरशी वर येते आणि गुडघे छातीकडे जातात. गाडी उत्तम, वीज स्वस्त, जीएसटीही फक्त ५ टक्के. पण मागे बसून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

आपल्याकडच्या गाड्यांची मागची बाजू अशी कोंदट का, याचं एक कारण दिल्लीत सापडतं. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि छोटी म्हणजे काय हेही ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून आमच्या धंद्यात मिलिमीटरची मारामारी सुरू झाली. २०१२ मध्ये डिझायरची शेपटी छाटून ती ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली, ती त्यासाठीच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के झाले, पण चार मीटरची रेघ होती तिथेच आहे. त्या रेघेच्या आत इंजिन, चार-पाच माणसं आणि डिकी, सगळं कोंबायचं असतं. कुठेतरी चिमटा बसणारच. तो कुणाला बसतो, एवढं आपण बघायचं.

रेघेपलीकडे जायची ऐपत असेल तर सात सीटांचा मोह होतो. आधी क्वालिस आली, मग इनोव्हा, आणि २०१२ ला अर्टिगा. गणपतीत कोकणात जाणाऱ्या घरांनी या गाड्या डोक्यावर घेतल्या. दुसरी रांग मागेपुढे सरकते, पाठ कलते, म्हाताऱ्यांना फार बरं. पण तिसऱ्या रांगेचा हिशेब नीट करा. अर्टिगाच्या तिन्ही रांगा उघड्या असताना डिकीत २०९ लिटर जागा उरते, म्हणजे सात माणसांच्या चार बॅगासुद्धा अवघड. आणि त्या रांगेत बसणारी मुलं? तुम्ही गाडी घेता तेव्हा बारा वर्षांची असतात. त्यांचं कॉलेज सुरू होईपर्यंत तिथे कुणाचेच पाय मावत नाहीत. वर्षातून दोनदा लागणाऱ्या दोन सीटांसाठी रोज लांब गाडी वळवायची की त्या दोन वेळांना भाड्याची गाडी सांगायची? मी असतो तर भाड्याची सांगितली असती. एकत्र कुटुंब असेल तर अर्थातच गोष्ट वेगळी.

टेस्ट ड्राइव्हचं तर विचारूच नका. सेल्समन तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून नेऊन आणतो, तुम्ही पिकअप बघता आणि खूश होता. त्याला सांगा, मला खड्डे हवेत. स्पीडब्रेकर हवा. आणि त्या वेळी चालवायला दुसऱ्या कुणाला बसवा, तुम्ही मागे बसा. गाडीत चार माणसं असताना मागचं सस्पेन्शन कसं वागतं, ते पुढे बसून कळत नाही.

टायरवरचे आकडेही वाचा. १८५/६५ म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि त्याची बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर उंच. वरच्या व्हेरियंटला १९५/५५ असेल तर भिंत १०७ मिलिमीटर उरते. चाक मोठं दिसतं, फोटोत शोभतं. पण खड्ड्याचा पहिला मार ती रबराची भिंतच खात असते. तेरा मिलिमीटरची उशी तुम्ही जास्त पैसे देऊन काढून टाकलीत. पन्नाशीत मणक्यांना ते कळतं.

गिअरबद्दल थोडक्यात. शहरात राहत असाल तर ऑटोमॅटिक घ्या. डाव्या गुडघ्याने क्लचची सेवा भरपूर केली. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारा प्रकार, आलं आणि ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. स्वस्त आहे, मायलेज देतं, पण गिअर बदलताना डोकं हलतं आणि चढावर गर्दीत थांबत-थांबत जाताना चालवणाऱ्याची परीक्षा बघतं. पैसे असतील तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी हे जास्त मऊ चालणारे ऑटोमॅटिक घ्या. डिझेलचा विचार रोजचं रनिंग मोठं असेल तरच करा. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, डिझेल गाडीत काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी सलग, तापून पळावी लागते. घर ते मंडई ते घर एवढ्यात तो तुंबतो. सीएनजी स्वस्त पडतं, पण टाकी डिकीत येते. व्हीलचेअर किंवा वॉकर न्यायचा असेल तर तो डिकीत मावतो का, तिथेच ठेवून बघा.

डोळ्यांचं सांगतो. चाळिशी लागली की जवळचं दिसायला चष्मा, आणि रस्ता बघायला तो नको. अशा माणसाला एसी कमी करायला स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावायला सांगणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. गोल फिरणारं बटण हवं, न बघता हाताला लागणारं. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरोपातल्या एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी खरी बटणं असण्याला गुणांकनात वजन दिलंय. आपल्याकडे अजून मोठ्या स्क्रीनचीच मिरवणूक चालू आहे.

सुरक्षेबद्दल एअरबॅग मोजण्यापलीकडे लोक जात नाहीत. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय, तारे जरूर बघा. पण ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. मागच्यांनी पट्टा लावायचा हा कायदा तेव्हाही होता. तरी आजही मागे बसलेल्याला पट्टा लाव म्हटलं की त्याला अपमान वाटतो. आणि एक आपला खास घोटाळा: गाडी घरी यायच्या आधी सीट कव्हर चढतात. कव्हरखाली पट्ट्याचे बक्कल गडप होतात आणि वर्षभर कुणी शोधत नाही. साइड एअरबॅग सीटच्या पाठीत बसवलेली असेल तर जाड, घट्ट कव्हर तिला अडवू शकतं. फुकट मिळतात म्हणून कव्हर घेऊ नका. मापाची, एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेली मिळाली तरच घ्या, नाहीतर मूळ कापड वापरा, मळलं तर धुऊन घ्या.

पैशाचा हिशेब करताना एक्स-शोरूम किमतीवर थांबू नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर त्याहून बराच जास्त. वरच्या व्हेरियंटचे दीड लाख सनरूफमध्ये घालण्यापेक्षा ड्रायव्हर सीटची उंची बदलणं, मागचे एसी व्हेंट, मागचा कॅमेरा हे ज्या व्हेरियंटमध्ये मिळतं तिथे थांबा. सनरूफमधून मुलं डोकं बाहेर काढतात, आणखी काही त्याचा उपयोग मला तरी दिसलेला नाही. आपल्या उन्हात वर्षातले आठ महिने तो पडदा ओढलेलाच असतो.

आणि हो, गाडीबरोबर स्वतःचं लायसन्सही काढून बघा. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-ए. बऱ्याच जणांची तारीख उलटून गेलेली असते आणि ते नव्या गाडीच्या इन्शुरन्सवर घासाघीस करत बसलेले असतात.

आता प्रश्न घेऊ. एक विनंती: 'अमुक घेऊ की तमुक?' असं विचारू नका. घरात कोण कोण आहे, कुणाचं काय दुखतं, पार्किंग केवढं आहे आणि महिन्याला किती किलोमीटर होतात, ते आधी सांगा. हां, मागून तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्ही बोला.