शिक्क्यासकट

[दृश्य: पसरट थाळीत पाणी. चिमट्यात धरलेला पाकिटाचा कापलेला तुकडा.]

पाणी कोमट हवं, कढत नको. पाकिटाचा तुकडा तिकीट वर येईल असा पाण्यावर सोडायचा आणि पंधरा-वीस मिनिटं हात न लावता बसायचं. कडेला धरून ओढायचा मोह होतो, पण ओलं तिकीट ओढलं की फाटतंच. गोंद पुरता विरघळला की तिकीट आपणहून कागदावरून घसरतं. मग ते चिमट्याने अलगद उचलायचं, पाठीचा बुळबुळीत गोंद स्वच्छ पाण्यात धुवायचा आणि टिपकागदावर पालथं घालून वाळू द्यायचं. लाल किंवा गडद पाकिटांचे तुकडे वेगळे भिजवायचे, कारण त्यांचा रंग उतरतो आणि शेजारच्या सगळ्या तिकिटांना लागतो.

जगभरच्या कितीतरी मुलांनी हा छंद अशाच एका थाळीपाशी सुरू केला. मीही. आणि याच थाळीपाशी माझ्या हातून एक चूक झाली, ती मला तुम्हाला दाखवायची आहे. पण आधी शिक्क्याबद्दल बोलायला हवं. आम्ही तिकिटं जमवणारे चित्राकडे बघत बसतो आणि त्यावरच्या काळ्या शाईला डाग समजतो. माझी तर कित्येक वर्षं हीच समजूत होती.

[दृश्य: पेनी ब्लॅक, भिंगाखाली.]

हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक. त्याच्या आधी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा द्यायचा, आणि तेही अंतर किती, कागद किती यावर ठरायचे. गरिबाच्या दारात पत्र यायचं आणि पैशाअभावी परत जायचं. रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये एक पुस्तिका काढून साधा उपाय सुचवला: पैसे पाठवणाऱ्याने आधी द्यावेत, आणि अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही एकच पेनी पडावी. त्या पेनीची पावती म्हणजे हा काळा चौकोन.

आता खालचे दोन कोपरे पाहा. डावीकडे एक अक्षर, उजवीकडे एक. एका तावात २४० तिकिटं असत, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. २४० पेनी म्हणजे तेव्हाचा एक पौंड, त्यामुळे पूर्ण तावाची किंमत बरोबर एक पौंड. कोपऱ्यातली अक्षरं सांगतात की हे तिकीट तावात नेमकं कुठे होतं. कडेला दाते नाहीत, कारण कारकून ताव कात्रीने कापून द्यायचा. कुणाची कात्री सरळ चालली, कुणाची तिकिटाच्या अंगावर गेली. चारही बाजूंना पांढरी कड शाबूत असलेलं तिकीट म्हणूनच महाग पडतं. आणि यावर देशाचं नाव शोधू नका. पहिलंच तिकीट असल्यामुळे नाव लिहायची गरज नव्हती. ब्रिटनच्या तिकिटांवर ते आजही नसतं, राजाच्या किंवा राणीच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

तिकिटावरच्या व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्यावर हा लाल फुलासारखा ठसा दिसतो, त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. एकदा वापरलेलं तिकीट कुणी पुन्हा वापरू नये म्हणून टपालखात्याने तो मारला. पण काळ्यावर लाल शाई नीट उठत नव्हती, शिवाय ती पुसून काढता यायची. म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल झालं आणि शिक्क्याची शाई काळी. शिक्क्यापायी तिकिटाला रंग बदलावा लागला!

या माल्टीज क्रॉसवर तारीख नाही. तारखेचा शिक्का वेगळा असे, बहुधा पत्राच्या पाठीवर. पेनी ब्लॅक वापरात आलं ६ मे १८४० रोजी. एकूण सुमारे ६ कोटी ८० लाख छापली गेली, त्यामुळे सुटं पेनी ब्लॅक दुर्मीळ म्हणता येत नाही. पण अख्खं पत्र, त्यावर तिकीट आणि पाठीवर ६ मे १८४० ही तारीख असेल, तर संग्राहक हातातलं सगळं टाकून तिकडे धावतात. कारण त्या कागदाने तो दिवस पाहिलाय. पत्रावरून तिकीट सोडवलं की तो दिवस मागे कागदावर राहतो आणि हातात नुसतं चित्र येतं.

[दृश्य: अल्बमची पानं उलटताना. हेल्व्हेटिया, मग्यार, सुओमी, हेलास.]

अल्बममधून देश शिकणाऱ्या मुलाला नकाशातल्यापेक्षा वेगळी नावं आधी कळतात. हेल्व्हेटिया म्हणजे स्वित्झर्लंड. तिथे चार भाषा बोलल्या जातात, मग तिकिटावर कुठल्या भाषेतलं नाव लिहायचं? त्यांनी लॅटिन नाव घेतलं आणि कुणाचीच तक्रार राहिली नाही. मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, हेलास म्हणजे ग्रीस. आपल्या घरात माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो, ते तिकिटावर वाचायला मिळतं. आणि हे एकमेकांचं तिकीट एकमेकांना चालणं आपोआप घडलेलं नाही. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्नमध्ये करार झाला, त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. तेव्हापासून एका देशात लावलेल्या तिकिटावर दुसऱ्या देशातला पोस्टमन पत्र पोचवतो. मला हा माणसांनी केलेल्या सर्वांत शहाण्या करारांपैकी एक वाटतो.

[दृश्य: जर्मनी, १९२३. आकड्यांवर आकडे छापलेली तिकिटं.]

या पानावर जरा थांबू. जर्मनी, १९२३. पैशाची किंमत इतक्या वेगाने घसरत होती की तिकीट छापून पोस्टात पोचेपर्यंत ते अपुरं पडायचं. मग जुन्याच तिकिटांवर नवा आकडा छापला जायचा: हजार, लाख, मग कोटी. शेवटी शेवटी ५० अब्ज मार्कांचं तिकीट निघालं. एवढ्या शून्यांना तिकिटावर जागा नव्हती, म्हणून आकड्याखाली शब्द लिहिला. आज यातली बरीच कोरी तिकिटं अगदी स्वस्त मिळतात, कारण न खपलेले गठ्ठेच्या गठ्ठे उरले होते. पण त्या थोड्याच दिवसांत खरोखर पत्रावर लागून गेलेली मोजकी. म्हणून इथे गंमत उलटी होते. कोऱ्या तिकिटाला भाव नाही आणि शिक्का बसलेल्याला भाव आहे. लबाड लोकांनी मग खऱ्या तिकिटांवर खोटे शिक्के मारले, आणि आज ती तिकिटं घेताना जाणकार शिक्का तपासतात, अक्षरांची जाडी, तारीख, गाव. तिकीट खरं आहे यात शंका नसतेच.

[दृश्य: काळ्या चौकटीचं पाकीट, मग फर्स्ट डे कव्हरची चळत.]

तारीख महत्त्वाची आहे हे एकदा पटलं की माणूस फर्स्ट डे कव्हरकडे वळतोच. प्रथम दिवस आवरण. तिकीट ज्या दिवशी निघालं त्याच दिवसाचा शिक्का बसलेलं पाकीट, आणि डाव्या बाजूला प्रसंगाचं चित्र, ज्याला कॅशे म्हणतात. ही चित्राची पद्धत १९२३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली असं मानतात. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले, १ सप्टेंबरला त्यांच्या गावी, मॅरियनला, त्यांच्या स्मरणार्थ काळं तिकीट निघालं, आणि जॉर्ज लिन यांनी काळ्या चौकटीत मजकूर छापलेली पाकिटं त्या दिवसासाठी तयार केली. पुढे १९३७ पासून अमेरिकेच्या टपालखात्याने शिक्क्यातच ‘प्रकाशनाचा पहिला दिवस’ अशा अर्थाचे शब्द घातले.

त्यानंतर मात्र या पाकिटांचं पीक आलं. चंद्रावरच्या पहिल्या माणसाचं तिकीट ९ सप्टेंबर १९६९ रोजी निघालं, त्याची ८० लाखांहून जास्त फर्स्ट डे कव्हर झाली. सुंदर आहे ते. पण ८० लाखांमधलं एक पाकीट जपून ठेवलं म्हणून ते उद्या श्रीमंत करेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते आवडलं तरच ठेवा.

त्याच तिकिटामागची गोष्ट मला पाकिटापेक्षा मोलाची वाटते. तिकिटाचा मूळ साचा अपोलो ११ मधून चंद्रावर जाऊन आला. सोबत एक पाकीट आणि शिक्काही होता, चंद्रावर उतरल्याची तारीख कोरलेला: २० जुलै. चंद्रावर शिक्का मारायला सवड झाली नाही. तो मारला गेला परतीच्या वाटेवर, २२ जुलैला. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शिक्क्यांपैकी एकाची तारीख दोन दिवसांनी मागे आहे. दोन वर्षांनी, २ ऑगस्ट १९७१ रोजी, अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी ते काम पुरं केलं. त्याच दिवशी पृथ्वीवर अंतराळ-संशोधनाच्या तिकिटांची जोडी निघाली आणि त्याच दिवशी त्यांनी चंद्राच्या जमिनीवर उभं राहून, कॅमेऱ्यासमोर, पाकिटावर शिक्का मारला. ते खऱ्या अर्थाने प्रथम दिवस आवरण. दुर्दैव असं, की त्याच यानातून परवानगीशिवाय ३९८ पाकिटंही गेली होती. त्यातली १०० जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याकडे पोचली, बोभाटा झाला, आणि तिघाही अंतराळवीरांना ताकीद मिळाली. त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही.

[दृश्य: पेंग्विनचं छोटं तिकीट. मग समुद्र.]

काही तिकिटं फक्त संग्राहकांच्या खिशाकडे बघून निघतात, हेही सांगायला हवं. पूर्ण ताव छापखान्यातूनच शिक्के मारून बाहेर येतो. ओळखायचं कसं? तिकीट पालथं करा. चार तिकिटांच्या जोडावर नीट बेतून कोपऱ्यात शिक्का बसलाय आणि मागचा गोंद जसाच्या तसा आहे, म्हणजे ते कधी पत्रावर चिकटलंच नाही. लहान मुलाच्या अल्बममध्ये ती रंगीत पक्षी-फुलपाखरं जरूर असावीत. मी पैसे देऊन घेणार नाही.

पण तिकिटाची खरी गरज असलेली जागा बघायची तर दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिशांच्या ताब्यातलं ट्रिस्टन द कून्या बेट बघा. विमानतळ नाही, बोट येईल तेव्हा टपाल. १९४६ मध्ये तिथल्यासाठी पेंग्विनचं चित्र असलेलं एक नमुना तिकीट तयार झालं. बेटावर पैशाचा फारसा व्यवहार नव्हता, म्हणून त्यावर किंमत छापली: एक पेनी किंवा चार बटाटे. लंडनने त्याला मान्यता दिली नाही. १९५२ मध्ये सेंट हेलेना बेटाच्या तिकिटांवर ट्रिस्टनचं नाव छापून त्यांना अधिकृत तिकिटं मिळाली. चार बटाटे हातात घेऊन पोस्टाच्या खिडकीशी उभा असलेला माणूस मला त्या नमुन्यात दिसतो.

[दृश्य: स्वीडनचं कोरीव तिकीट. भिंग जवळ येतं, रेषा उघड होतात.]

आणि हे चेस्लाव स्लानिया यांचं काम. जन्माने पोलिश, स्वीडनच्या टपालखात्यासाठी कित्येक दशकं पोलादावर तिकिटं कोरली. हजारावं तिकीट २००० साली झालं. सगळं उलटं कोरायचं, छापल्यावर सुलटं यावं म्हणून. गालाची सावली म्हणजे केसाहून बारीक रेषा आणि त्यांच्यामधले ठिपके. छापलेल्या तिकिटावरून बोट हलकेच फिरवलं तर शाईचा उंचवटा जाणवतो. अशा चेहऱ्यावर जाड काळा शिक्का बसलेला पाहवत नाही, हे मी मान्य करतो. स्लानियांची तिकिटं मी कोरीच ठेवतो.

[दृश्य: अल्बमचं एक पान. मधोमध एकच तिकीट.]

आता माझी चूक. लहानपणी मला जुन्या पाकिटांचा एक गठ्ठा मिळाला होता. बोटीवर काम केलेल्या कुणाचा तरी. मी कात्री घेतली, तिकिटांचे कोपरे कापले, बाकीची पाकिटं टाकून दिली आणि ही थाळी भरली. त्यातलं हे एक नॉर्वेचं तिकीट, साधं, कुठेही मिळेल असं. पण त्यावरचा शिक्का नॉर्वेचा नाही. माझ्या कात्रीतून वाचलेल्या कमानीत इंग्रजीतली चार अक्षरं उरली आहेत, ‘टाउन’ एवढीच. त्याआधीची अक्षरं पाकिटाबरोबर गेली. तारखेतलं सालही गेलं.

कित्येक वर्षांनी मला ‘पाकबोट’ हा शब्द कळला. भर समुद्रात बोटीवर टाकलेल्या पत्राला, ती बोट ज्या देशाची, त्या देशाचं तिकीट चालतं. पुढच्या बंदरात ते उतरवलं की तिथला शिक्का बसतो, आणि पाकिटावर पाकबोट असा ठसा मारतात. माझ्या पाकिटावर तो असणारच. मी तो बघितलाही असेन.

म्हणून तुमच्या घरात जुनी पत्रं निघाली तर कात्री लावू नका. पाकीट अख्खं ठेवा, मागच्या बाजूसकट, कारण पोचल्याचा शिक्का अनेकदा तिथे असतो. उन्हात ठेवू नका, ओल लागू देऊ नका, पीव्हीसीच्या पिशवीत घालू नका, ते प्लास्टिक कागद आणि शाई दोन्ही बिघडवतं.

[दृश्य: कॅमेरा त्याच पानाच्या तळाशी सरकतो. पेन्सिलीची अक्षरं.]

या तिकिटाला मी पूर्ण पान दिलंय. त्याखाली पेन्सिलीने चार बंदरं लिहिली आहेत. केपटाउन. जॉर्जटाउन. फ्रीटाउन. ब्रिजटाउन. अजून एकावरही काट मारता आलेली नाही.